जंगलवाटांसाठी परवडणारी माउंटन बाइक निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटीच्या सकाळी गावाजवळच्या जंगलातून किंवा टेकडीवरून जाणाऱ्या कच्च्या वाटेने तास-दोन तास सायकल चालवावी, झाडे-पाखरे पाहावीत आणि धडधाकट घरी परतावे, एवढीच ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. शर्यती, उंच उड्या आणि खडकाळ कड्यांवरील उतार हा वेगळा विषय असून त्यासाठी लागणारी सायकलही वेगळी असते. येथील बहुतेक उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत, कारण सह्याद्रीचा काळा दगड, कोकणातील जांभा, देशावरील बाभळीचे काटे आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा विचार न करता केलेली निवड आपल्याकडे फार काळ टिकत नाही.

मला माउंटन बाइकच हवी का? साधी किंवा हायब्रिड सायकल चालणार नाही का?

आपली नेहमीची वाट कशी आहे, यावर याचे उत्तर अवलंबून आहे. वन विभागाच्या जीपसाठी केलेला, दबून घट्ट झालेला मातीचा रस्ता असेल आणि वर्षातील बहुतेक दिवस घर ते ऑफिस हाच प्रवास असेल, तर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद टायर असलेली हायब्रिड सायकल, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधला प्रकार, पुरेशी ठरते. डांबरी रस्त्यावर ती अधिक हलकी चालते आणि किमतीच्या मानाने तिचे भागही चांगले असतात. पण वाटेवर मुठीएवढे सुटे दगड, झाडांची उघडी मुळे, पावसाने पडलेल्या घळी किंवा जांभ्याची बारीक खडी असेल, तर अरुंद टायर घसरतो, मनगटांना हादरे बसतात आणि चालवणाऱ्याचे सगळे लक्ष रस्त्यातच अडकते. अशा वाटांसाठी ५० मिलिमीटरच्या पुढचे टायर, रुंद हँडल आणि चढासाठी हलके गिअर असलेली सायकल हवी, आणि माउंटन बाइकमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

या सायकलींचा उगमही अशाच वाटांवर झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या वाटांवर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून चालवत असत. त्या सायकलींना सस्पेन्शन, म्हणजे हादरे शोषणारी रचना, नव्हते. जाड टायर, चांगले ब्रेक आणि पुढे त्यांना जोडले गेलेले गिअर, एवढ्यावर हा प्रकार उभा राहिला, ही गोष्ट खरेदी करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

किती पैसे बाजूला ठेवावेत?

आकडे ढोबळ आहेत आणि शहर, हंगाम व सवलत यांनुसार बदलतात. दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक सायकली माउंटन बाइकसारख्या केवळ दिसतात. जाड नळ्या, भडक रंग आणि मोठे शॉकअप असले तरी त्यांचे हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक आणि गिअर कच्च्या रस्त्यावर फार काळ तग धरत नाहीत. साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांच्या टप्प्यात सौम्य जंगलवाटांसाठी खरोखर उपयोगी सायकल मिळू लागते. तीस ते पंचेचाळीस हजारांत हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारे) ब्रेक, आठ किंवा नऊ चकत्यांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) आणि हलकी फ्रेम मिळते. त्यापलीकडे खर्च केल्यास मिळणारा फायदा खरा असला, तरी तो अवघड वाटांवर आणि वेगातच जाणवतो. आपल्या कामासाठी त्याची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुनी छापील किंमत दाखवून कोणी सवलत देत असेल, तर ती सवलत नव्या कराच्या हिशेबाने तपासून घ्यावी. ठरवलेल्या रकमेतील तीन-चार हजार रुपये हेल्मेट, पंप, सुटी ट्यूब आणि हत्यारांसाठी आधीच वेगळे काढावेत. सायकलीवर सगळे पैसे घालून हेल्मेट पुढच्या महिन्यावर ढकलणे मला मान्य नाही.

दुकानदार डबल सस्पेन्शनची सायकल दाखवतो. किंमतही बेताची आहे. घ्यावी का?

घेऊ नये. मागच्या चाकाचे सस्पेन्शन नीट काम करायचे, तर फ्रेमचे सांधे अचूक बसवलेले, त्यांतील बेअरिंग चांगल्या प्रतीचे आणि शॉकअप चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारा असावा लागतो, आणि हे सगळे पंधरा-वीस हजारांत बसत नाही. त्या किमतीतील डबल सस्पेन्शनमध्ये एक ताठ स्प्रिंग आणि दोन-चार सैल होत जाणारे सांधे एवढेच असते. चढावर पेडल मारताना फ्रेम वर-खाली डोलते, पायांची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, वजन सतरा-अठरा किलोंवर पोहोचते आणि वर्षभरात सांध्यांतून कुरकुर सुरू होते. शिवाय तेवढ्याच पैशांत ब्रेक, हब आणि गिअर यांवर काटकसर झालेली असते. मागचा भाग ताठ असलेली, पुढे शॉकअप असलेली सायकल, जिला हार्डटेल म्हणतात, तीच या किमतीत योग्य आहे.

पुढचा शॉकअप किती मिलिमीटरचा असावा? तो नसला तर चालेल का?

८० ते १०० मिलिमीटर पुरेसे आहेत. या किमतीतील शॉकअपमध्ये पोलादी स्प्रिंग असते आणि त्याचे वजन एकट्याचे दोन किलोंहून अधिक भरते. त्यातील काही तर सुरुवातीचे काही महिने हलतात आणि नंतर आतील ग्रीस वाळून जवळजवळ ताठ होतात. वरच्या टोकाला फिरवायची कळ असेल, तर ती बहुधा प्रीलोडची असते; तिने स्प्रिंग सुरुवातीला किती दबलेली राहील एवढेच बदलते, स्प्रिंगचा मूळ ताठपणा बदलत नाही. म्हणून दुकानात बसून पाहावे. नुसते बसल्यावर शॉकअप एकूण चालीच्या साधारण पाचव्या भागाएवढा खाली जायला हवा आणि फुटपाथच्या कडेवरून हळू उतरताना ठक असा आवाज न करता परत वर यायला हवा. आपले वजन पन्नास किलो असेल आणि शॉकअप जराही दबत नसेल, तर तो आपल्यासाठी शोभेचाच आहे. डांबरी चढावर शॉकअप बंद करणारी लॉकआउटची सोय उपयोगी पडते, पण तिच्यासाठी इतर गोष्टींवर पाणी सोडू नये.

शॉकअप नसलेली, ताठ फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दुपाखी भागाची) सायकल चांगल्या रुंद टायरसह मिळाली, तर तिचा जरूर विचार करावा. ती हलकी असते, तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि समुद्राजवळच्या दमट, खारट हवेत, जिथे शॉकअपच्या नळ्यांवर पावसाळ्यानंतर गंजाचे ठिपके दिसू लागतात, तिथे ती अधिक शहाणपणाची निवड ठरते.

मग हादरे कोण शोषून घेणार?

टायर. या संपूर्ण लेखनातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी, कारण परवडणाऱ्या सायकलीत टायर आणि त्यातील हवा यांच्याइतका फरक दुसरा कोणताही भाग घडवत नाही. २.१ ते २.२५ इंच रुंदीचा टायर योग्य दाबावर असला, तर तो लहान दगड आणि मुळे अक्षरशः गिळतो. आपल्याकडे मात्र पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरने पन्नास-साठ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठासून भरली जाते, टायर दगडासारखा होतो, सायकल प्रत्येक खड्यावर उडते आणि मग लोक शॉकअपला दोष देतात. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूब असलेल्या अशा टायरमध्ये पुढे २५ ते २८ आणि मागे २८ ते ३२ पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी आणि दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत स्वतःचा दाब शोधावा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल आणि किमान मर्यादा ओलांडू नये. दाब फारच कमी झाला, तर दगडावर आदळताना ट्यूब रिंग आणि दगड यांच्यात चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात; अशी जोड छिद्रे दिसली की हवा थोडी वाढवावी. यासाठी दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरी असणे ही चैन नाही.

टायरच्या नक्षीबद्दल थोडे सांगायला हवे. मध्यभागी जवळजवळ बसवलेले बुटके गट्टू आणि कडेला थोडे उंच गट्टू, अशी नक्षी कोरड्या मातीवर आणि डांबरावर दोन्हीकडे चालते. खूप उंच, विरळ गट्टू चिखलासाठी असतात आणि डांबरावर घूं घूं आवाज करत ताकद खातात. मात्र विदर्भ-मराठवाड्यातील ओली काळी माती कोणत्याच नक्षीला जुमानत नाही. ती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये भरत जाऊन चाक अडवते. म्हणून सायकल घेताना टायर आणि फ्रेमच्या मागील नळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा आहे का, हे पाहावे.

चाक २६, २७.५ की २९ इंचांचे घ्यावे?

मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते, लहान चाक लवकर वळते आणि बुटक्या व्यक्तीला सोयीचे पडते. साधारण पाच फूट सहा इंचांहून उंच व्यक्तीने २९, त्याखालील व्यक्तीने २७.५ इंचांचे चाक असलेली सायकल आधी चालवून पाहावी. २६ इंचांच्या सायकली नव्या चांगल्या मॉडेलांमध्ये आता कमी दिसतात, परंतु त्यांचे टायर-ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. सुटा टायर घेताना त्यावरील मिलिमीटरमधील आकडा वाचावा: २६ साठी ५५९, २७.५ साठी ५८४ आणि २९ साठी ६२२. हायब्रिडचे ७०० सी चाकही ६२२ चेच असते, त्यामुळे अडचणीच्या वेळी त्या मापाची थोडी रुंद ट्यूब २९ च्या टायरमध्ये निभावून नेता येते.

२१ गिअर चांगले की २७? की पुढे एकच चकती असलेली सायकल घ्यावी?

गिअरांची एकूण संख्या हा दुकानातील फलकावर लिहायचा आकडा आहे. आपल्याला विचारायचे असते ते हे, की सर्वांत हलका गिअर किती हलका आहे. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते, हा भागाकार करून पाहावा. पुढे २४ आणि मागे २८ दाते असतील तर उत्तर ०.८६ येते, मागे ३४ दाते असतील तर ०.७१ येते. २९ इंचांच्या चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर असल्याने पहिल्या सायकलीत पेडलच्या एका फेऱ्याला जवळजवळ दोन मीटर आणि दुसरीत सुमारे १.६ मीटर अंतर कापले जाते. घाटातील खडीच्या चढावर, दमलेल्या पायांना हा फरक उतरून ढकलत नेणे आणि बसून चढणे यांतला फरक असतो. म्हणून ०.७५ किंवा त्याहून कमी उत्तर येईल अशी सायकल पाहावी.

पुढे एकच चकती आणि मागे ४२-४६ दात्यांपर्यंतची कॅसेट ही रचना वापरायला सोपी आहे, चेन कमी वेळा उतरते आणि नवख्या माणसाला कोणता गिअर कधी टाकावा याचा घोळ राहत नाही. त्याच किमतीत ती चांगल्या कंपनीच्या भागांसह मिळाली तर मी तीच निवडेन. शिमानो या जपानी कंपनीच्या भागांत टूर्नी ही सर्वांत खालची पायरी असून तिच्यावर क्रमाने ऑल्टस, एसेरा, अलिव्हिओ आणि देओर येतात. २०२३ मध्ये आलेली क्यूज ही मालिका मधल्या पायऱ्यांची जागा घेत आहे. टूर्नी वाईट नाही, नीट जुळवून घेतली तर ती काम करते. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चांगला आणि बाकी सगळे हलक्या प्रतीचे, अशी सजावट अनेक सायकलींत असते, म्हणून शिफ्टर (गिअर बदलायची कळ), क्रँक (पेडल ज्यावर बसते तो दांडा) आणि हब यांच्यावरील नावेही वाचावीत.

येथे एक बारकावा आहे, जो दुकानात सहसा सांगितला जात नाही. सात गिअरांच्या स्वस्त सायकलींत मागच्या चकत्या बहुधा आट्याने बसवलेल्या फ्रीव्हीलच्या असतात. या रचनेत उजवीकडचे बेअरिंग एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकापासून बरेच आत येते, त्यामुळे चालवणाऱ्याचे वजन जास्त असेल आणि वाट खडबडीत असेल, तर एक्सल वाकतो किंवा तुटतो. आठ-नऊ गिअरांच्या कॅसेटमध्ये बेअरिंग टोकाजवळ असते आणि हा धोका खूप कमी होतो. पंचाहत्तर-ऐंशी किलोंपुढील व्यक्तीने थोडे पैसे वाढवून कॅसेटचा हब असलेलीच सायकल घ्यावी.

डिस्क ब्रेक आवश्यक आहेत का?

डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला धरतात, व्ही-ब्रेक रबराने रिंगच्या कडांना. कोरड्या वाटांवर चांगले व्ही-ब्रेक पुरतात आणि त्यांची दुरुस्ती कोणीही करू शकतो. पावसात मात्र जांभ्याची लाल रेती रबर आणि रिंग यांच्यात अडकते, पकड कमी होते आणि रिंग घासत जाते. यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना मी डिस्क ब्रेक सुचवेन. केबलने चालणारे डिस्क ब्रेक परवडतात, पण त्यांची केबल ताणत राहते आणि पॅड वारंवार जवळ आणावे लागतात. अगदी स्वस्तातील डिस्क ब्रेकपेक्षा चांगले व्ही-ब्रेक कधीही बरे. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतात, लांब उतारावर हात दुखत नाहीत, आणि थोडे पैसे वाढवायचे असतील तर ते शॉकअपपेक्षा येथे वाढवावेत. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, काही इतर कंपन्या डॉट प्रकारचे द्रव वापरतात. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबर खराब होते, म्हणून गॅरेजमधील गाडीचे ब्रेक ऑइल कोणी भरू पाहील तर त्याला थांबवावे.

नवे डिस्क ब्रेक पहिल्याच दिवशी पूर्ण लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन तो हळूहळू कमी करण्याची क्रिया पंधरा-वीस वेळा केल्यावर पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. चेनला तेल देताना त्याचा थेंब चकतीवर पडू देऊ नये. आणि कोणती मूठ पुढचा ब्रेक लावते हे जंगलात शिरण्यापूर्वी तपासावे, कारण सर्व सायकलींत ते सारखे नसते.

माझ्या उंचीला कोणती फ्रेम बसेल?

मापाची सायकल ही बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी येते. चुकीच्या मापाच्या महाग सायकलीपेक्षा योग्य मापाची साधी सायकल दरवेळी सरस ठरते, आणि दुकानात शिल्लक आहे म्हणून एक माप मोठी सायकल गळ्यात मारली जात असेल, तर परत यावे. बूट घालून वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे; दांडा आणि शरीर यांच्यात निदान दोन इंच मोकळी जागा हवी, कारण जंगलात अचानक उतरावे लागते तेव्हा पायाखालची जमीन समान नसते. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला म्हणजे सीटची उंची बरोबर आहे. उतारावर ही सीट दोन बोटे खाली घेतली तर तोल सांभाळणे सोपे जाते. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहायला हवेत. पाच फूट चार ते पाच फूट सात इंच उंचीला बहुधा मध्यम आणि त्याखाली लहान फ्रेम बसते, पण प्रत्येक कंपनीची मापे निराळी असतात, म्हणून कागदावरील तक्त्यापेक्षा स्वतः बसून पाहण्यावर विश्वास ठेवावा.

फ्रेम ॲल्युमिनियमची असावी की पोलादाची?

या किमतीत बहुतेक ॲल्युमिनियम फ्रेम ६०६१ मिश्रधातूच्या असतात, हलक्या असतात आणि गंजत नाहीत, म्हणून पावसाळी भागासाठी त्या योग्य. साधे पोलाद जड असते. पोलादी फ्रेम घेतल्यास सीटची नळी वर्षातून एकदा काढून, आत साचलेले पाणी उलटे करून सांडून, ग्रीस लावून परत बसवावी.

कोणत्या कंपनीची घ्यावी?

भारतात मिळणाऱ्यांपैकी फायरफॉक्स ही कंपनी २०१५ पासून लुधियानाच्या हिरो सायकल्सकडे आहे, मॉन्ट्रा हे नाव चेन्नईच्या टीआय सायकल्सचे आहे, रॉकरायडर हा डेकॅथलॉनचा माउंटन बाइकचा विभाग आहे, आणि ट्रेक, जायंट, स्कॉट, मेरिडा, पॉलिगॉन या परदेशी कंपन्यांच्या खालच्या श्रेणीतील सायकलीही मोठ्या शहरांत मिळतात. मॉडेले दरवर्षी बदलतात आणि एकाच कंपनीची एक सायकल चांगली व दुसरी सामान्य असू शकते. त्यामुळे नाव पाहण्यापेक्षा वर सांगितलेले भाग पाहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या घराजवळ त्या सायकलीची दुरुस्ती करणारा माणूस आहे का, हे पाहावे. सांगली, चंद्रपूर किंवा सावंतवाडीत राहणाऱ्याला डिरेलरचा हँगर बदलण्यासाठी पुण्याला जावे लागत असेल, तर ती सायकल स्वस्त नाही. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा; तो फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ बनवलेला असतो आणि सायकल पडली की तोच वाकतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, म्हणून खरेदीच्या दिवशीच एक जास्तीचा मागून घ्यावा.

जुनी सायकल घेणे शहाणपणाचे आहे का?

होय, आणि थोडी पारख असेल तर पैशाचे सर्वांत जास्त मोल येथेच मिळते, कारण हौसेने घेतलेल्या पुष्कळ सायकली फारशा न वापरता बाल्कनीत उभ्या असतात. मूळ बिल मागावे; ते नसेल तर चोरीचा माल पदरात पडण्याची शक्यता असते. फ्रेमचे जोड, विशेषतः हँडलखालचा आणि पेडलजवळचा, फडक्याने पुसून उजेडात पाहावेत. हँडलखाली रंगाला सुरकुत्या असतील तर ती सायकल समोरून धडकलेली आहे. चाक उचलून फिरवावे, रिंग आउट असेल तर ती डोलताना दिसते. थोडी आउट असलेली रिंग कारागीर आरे कसून सरळ करतो. चेन साध्या पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून सुरू करून बारा पूर्ण कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरते. ती ३०६.५ च्या पुढे गेली असेल तर चेन बदलावी लागेल, आणि ३०८ च्या आसपास असेल तर मागच्या चकत्याही झिजल्या असे समजून तेवढे पैसे किमतीतून वजा करावेत. शॉकअप दाबून पाहावा आणि त्याच्या नळ्यांवर ओरखडे वा गंज आहे का ते तपासावे.

ऑनलाइन मागवलेली सायकल घरी जोडता येते का?

जोडता येते, पण ज्याला पाना आणि ॲलन की वापरण्याची सवय आहे त्यानेच जोडावी. डावे पेडल उलट्या आट्याचे असते; ते जोर लावून चुकीच्या दिशेने बसवले तर क्रँकचे आटे जातात. पुढचा फोर्क उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर नेहमी दिसतात. ब्रेक किंवा शॉकअपची कमान मागे, चालवणाऱ्याकडे, आलेली दिसली तर फोर्क फिरवावा, मात्र काही थोड्या कंपन्या कमान मुद्दाम मागे ठेवतात, म्हणून पुस्तिका पाहावी. ओळखीच्या कारागिराला चारपाचशे रुपये देऊन जोडून घेणे मला जास्त बरे वाटते. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर केबल ताणतात आणि आरे सैलावतात, तेव्हा एकदा सगळे कसून घ्यावे.

कोणत्या जंगलात सायकल नेण्याची परवानगी असते?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनातही वाटेल तसे शिरता येत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, सह्याद्री यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात सायकल घेऊन जाण्याचा विचारच करू नये. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र कान्हेरी लेण्यांच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर सायकल चालवता येते. वेळा आणि शुल्क प्रवेशद्वारावर विचारावे. इतरत्र वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करावी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत, उदाहरणार्थ गडचिरोलीतील मेंढा-लेखा, जंगलाची व्यवस्था ग्रामसभा पाहते. अशा गावांत ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

परवानगी असली तरी पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांजा टाळाव्यात. जुन्नरच्या बाजूला बिबटे, राधानगरी-चांदोलीकडे गवे आणि विदर्भात अस्वले याच वेळी वाटा ओलांडतात, आणि सायकलीचा आवाज इतका कमी असतो की वळणावर जनावर आणि माणूस दोघेही दचकतात. वळणापूर्वी घंटी वाजवावी, कानात गाणी लावू नयेत. ओल्या वाटेवर मागचे चाक घसटत ब्रेक लावल्याने चर पडतो आणि पुढच्या पावसात तो ओहोळ होतो. कातळसड्यांवर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उमलणारी इवली फुले दगडावरच्या चिमूटभर मातीत तगतात. तिथे सायकल खांद्यावर घेण्यापेक्षाही, मुळात नेऊच नये.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

चिखल वाळण्यापूर्वी बादलीतील पाण्याने आणि मऊ ब्रशने सायकल धुवावी. सर्व्हिसिंग सेंटरमधील जोराचा फवारा हबमध्ये आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, छर्रे गंजतात आणि चाक खरखरू लागते. चेन पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब द्यावा आणि वरचे तेल फडक्याने पूर्ण पुसावे, कारण बाहेर राहिलेले तेल रेती धरते. गंज सोडवणारा फवारा हे चेनचे तेल नव्हे, आणि जळलेले इंजिन ऑइल तर मुळीच वापरू नये.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हेच नियम लागू होतात का?

जवळपास हेच. २४ इंचांची चाके आणि ताठ फोर्क असलेली हलकी सायकल घ्यावी; शॉकअपचे दोन किलो मुलाच्या पायांवर उगाच पडतात. ब्रेकची मूठ त्याच्या बोटांना पोहोचते का हे आवर्जून पाहावे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठे माप घेऊ नये.

सायकलीबरोबर आणखी काय घ्यावे आणि वाटेत काय न्यावे?

युरोपीय ईएन १०७८ मानकाचा शिक्का असलेले, डोक्यावर हलणार नाही असे हेल्मेट आधी घ्यावे. हातमोजे आणि डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा फांद्यांपासून वाचवतो. पाठपिशवीत दोन लिटर पाणी, सुटी ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, लहान पंप, पंक्चरचे ठिगळ, ॲलन की आणि चेन जोडायची कडी असावी. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून निघावे. देशावर, जिथे वाटेच्या कडेने बाभळी आणि बोरी आहेत, तिथे ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारे द्रव आधीच भरून घेणे फायद्याचे ठरते. काटा रुतला तरी बहुधा हवा टिकते. तरीही पंक्चर झालेच, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सर्व बाजूंनी फडके हळू फिरवून मोडलेले काट्याचे टोक शोधून काढावे, नाहीतर तेच टोक दुसऱ्या ट्यूबलाही भोक पाडते.